यादीतली गोळी, हातातली गोळी

सोलापूर,
मे महिन्यातली दुपार

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. पहिलं दीड पान वेलिंग्टनच्या वाऱ्यावर, पुढचं अर्धं थंडीवर! अगं, इथे पारा 43 च्या खाली उतरायला तयार नाही, दुपारी बाराला सात रस्ता चौकात चिटपाखरू दिसत नाही, आणि अशा सोलापुरात राहणाऱ्या माणसाला 'हीटर लावून, गोधडी पांघरून बसलेय' असं लिहायचं धाडस तूच करू जाणे. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "तिला म्हणावं, थोडं वारं पाकिटात घालून पाठव." 

पण तुझ्या पत्राचा खरा मजकूर शेवटच्या पानावर होता. तुझ्या शेजारणीला डॉक्टरांनी सुचवलेल्या कॅन्सरच्या औषधाला कोणत्या औषधाचे पैसे सरकार देणार हे ठरवणाऱ्या तुमच्या फारमॅकने अजून 'हो' म्हटलेलं नाही. औषध बाजारात आहे, पण सरकार त्याचे पैसे देत नाही आणि स्वतः घ्यायचं तर घर विकायची वेळ. तू इतकं दाबून लिहिलंयस की अक्षरं पानाच्या मागच्या बाजूला उठलीत. शाळेत भांडण झालं की तुझी वही अशीच दिसायची. आणि मग खाली, एकदम मवाळ होऊन, विचारलंस: तुमच्याकडे हे कोण ठरवतं गं?

तुला सांगते, या प्रश्नाने माझी झोप उडवली. मग मी गाठलं भाचीला. तीच, दोन वेण्या घालून तुझ्या मागे मागे फिरायची आणि तुझ्या पर्समधल्या खोकल्याच्या गोळ्या चॉकलेट म्हणून खायची. आता ती जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी आहे, बाई! गोळ्यांची ओढ लहानपणापासूनच होती म्हणायची. शनिवारी तिच्याबरोबर गेले आणि अख्खी सकाळ तिच्या खिडकीमागे स्टुलावर बसून राहिले.

काय काय ऐकलं म्हणून सांगू! बीपीच्या, साखरेच्या गोळ्या घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांची ही रांग. महिन्याच्या गोळ्या मोजून मिळतात. एका आजीने पाकीट हातात घेतलं, चष्मा वर केला आणि परत खिडकीतून आत सरकवलं. "ही माजी गोळी न्हवं. माजी तांबडी हाय." भाची म्हणाली, "आजी, आतलं औषध तेच आहे, यंदा कंपनी बदलली." आजी म्हणाली, "मी काय कंपनीला वळखती व्हय? मी गोळीला वळखती." थोड्या वेळाने बाहेर लिंबाखाली गलका झाला. बघतो तर दोघी जणी रंग जुळवून आपापसांत गोळ्यांची अदलाबदल करत होत्या, एकीची बीपीची आणि दुसरीची साखरेची! भाची चप्पलसुद्धा न घालता धावली. त्या उन्हात, अनवाणी! परत आली ती पाय चोळत, पण दोघींची पाकिटं बरोबर करूनच.

रंग का बदलतो, तर सरकार औषध ब्रँडच्या नावाने घेत नाही, मूळ औषधाच्या नावाने घेतं. निविदा निघते, ज्याचा दर कमी आणि कागदपत्रं ठीक त्याला पुरवठा मिळतो. पुढच्या वेळी दुसरी कंपनी, दुसरा रंग. पण या घाऊक खरेदीमुळेच बीपीच्या साध्या गोळीला सरकारला रुपयासुद्धा पडत नाही. तुमच्याकडेही हेच ना? 2019 साली फेफऱ्यावरच्या त्या औषधाचे बाकीचे ब्रँड बंद करून फारमॅकने एकच ठेवला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तूच लिहिलं होतंस. आजींना हसून चालत नाही मग. ज्याच्या पोटात गोळी जाते त्याला आधी समजावून सांगायला हवं, एवढंच तर त्यांचं म्हणणं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ठरवतं कोण? आपल्या देशात एक 'राष्ट्रीय आवश्यक औषध यादी' आहे. तिचा इतिहास वाचून मला फार अभिमान वाटला आणि मग थोडा रागही आला. 1975 साली जयसुखलाल हाथी समितीने आपल्या अहवालात शंभरावर आवश्यक औषधं नावानिशी सांगितली होती. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी आली 1977 मध्ये, म्हणजे आपण तिच्या दोन वर्षं पुढे होतो! आणि मग आपली पहिली अधिकृत राष्ट्रीय यादी निघाली कधी? 1996 मध्ये. हाथी समितीच्या वेळी जन्मलेलं मूल तोवर कॉलेजातून बाहेर पडलं असेल. त्यानंतर 2003, 2011, 2015 अशी ती सुधारत गेली आणि सध्याची आली सप्टेंबर 2022 मध्ये. 384 औषधं. 34 नवी घेतली, 26 काढली. काढलेल्यांत आपल्या पर्समध्ये कायम असणारं रॅनिटिडीनसुद्धा आहे. ॲसिडिटीची ती गोळी, जी तू परीक्षेच्या दिवसांत शेंगदाण्यासारखी खायचीस.

तज्ज्ञांची समिती बसते आणि प्रत्येक औषधाला प्रश्न विचारते. हा आजार आपल्या लोकांना खरोखर मोठ्या प्रमाणावर होतो का? औषध सुरक्षित आहे का, त्याने गुण येतो याला पुरावा आहे का? त्याच कामाचं दुसरं औषध असेल तर दोघांत सरस कोणतं? आणि किंमत बघायची ती एका गोळीची नाही, पूर्ण उपचाराची. हे मला फार पटलं. स्वस्त गोळी सहा महिने खावी लागत असेल आणि महाग गोळीने पंधरा दिवसांत काम होत असेल, तर हिशेब सगळाच उलटतो. शिवाय प्रत्येक औषधापुढे लिहिलेलं असतं, ते कुठल्या पातळीवर हवं: खेड्यातल्या केंद्रात, तालुक्याच्या रुग्णालयात की मोठ्या इस्पितळात. सर्पदंशावरचं प्रतिविष तिन्ही पातळ्यांवर हवं असं यादी म्हणते. बरोबरच आहे. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावला, तर तो सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयापर्यंत पोचेतो वाट बघायला विषाला सवड नसते.

या यादीची ताकद सरकारी खिडकीपुरती नाही, हे मला घरातच कळलं होतं. यादीत आलेल्या औषधाची कमाल किंमत सरकार बांधून देतं. हृदयाच्या स्टेंट 2016 मध्ये यादीत आल्या आणि फेब्रुवारी 2017 मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली गेली. त्याआधी एकेका स्टेंटला लाखाच्या वरची बिलं लोकांनी मुकाट्याने भरली होती. आमच्या धाकट्या भावजींची अँजिओप्लास्टी त्यानंतरची. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून 'हे' बिलाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते आणि मला म्हणाले, "दिल्लीत कुणीतरी एक ओळ लिहिली, आणि आपलं शेत वाचलं." ते असं काही सहसा बोलत नाहीत, तुला माहीतच आहे.

पण तुला सांगते, त्या शनिवारी मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. रांगेत कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली एक अक्का होती. माहेरी आलेली, विड्या वळणारी, बोटं तंबाखूने पिवळी, तेलुगू वळणाचं मराठी. तिने मला सांगितलं, की एका सरकारी दवाखान्यात तिला चिठ्ठी मिळाली, 'बाहेरून आणा'. पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. ती मेडिकलमध्ये गेली, किंमत विचारली आणि म्हणाली, "पाच दिवसांच्याच द्या." मग त्याही एक दिवसाआड घेतल्या. अगदी सहज सांगत होती, वर मलाच विचारते, "बरोबर केलं न्हवं?" मला तिच्याकडे बघवेना.

तेव्हाच मला तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर सापडलं बघ. कोणत्या औषधावर पैसा खर्च करायचा आणि कोणत्यावर नाही, हे कुणीतरी ठरवतंच. पैसा अपुरा, आजार अफाट, त्यामुळे निवड टळत नाही. समितीने नीट बसून ती केली नाही, किंवा समितीने केली आणि माल पोचला नाही, तर ती निवड मेडिकलच्या काउंटरवर अक्का करते, पदराची गाठ सोडून, एकटीने. तिच्याजवळ ना पुरावा, ना तज्ज्ञ, ना अपिलाचा रस्ता. तिला एकटीला ते ठरवावं लागू नये, एवढ्यासाठीच तर सरकार नावाची गोष्ट असते!

यादीतली गोळी हातात येईपर्यंतचा प्रवास भाचीने समजावला. केंद्राची यादी जशीच्या तशी आमच्याकडे येत नाही, राज्य आपली यादी करतं, आपली खरेदी करतं. 2017 मध्ये महाराष्ट्राने ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. ती रेंगाळते अशा तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं केलं. त्याच वर्षीचं नांदेड तू तिकडे वाचलं असशीलच. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 जीव गेले, त्यांत 12 नवजात बाळं. औषधांचा तुटवडा होता हा आरोप प्रशासनाने नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात आमच्याकडे कुणी टीव्ही लावला नाही.

मागणी कशी ठरते, हे ऐक. गेल्या वर्षी किती औषध वापरलं, त्यावरून पुढच्या वर्षीची मागणी. ऐकायला किती शहाणपणाचं! पण गेल्या वर्षी चार महिने औषध आलंच नसेल तर? वापर कमी दिसतो, म्हणून मागणी कमी लागते, म्हणून पुन्हा तुटवडा. भाची म्हणाली, "मावशी, मी परत गेलेल्या माणसांची वेगळी वही ठेवते. कुणाला काय मिळालं नाही, तेही लिहिते. नाहीतर ती माणसं कागदावर आजारी पडलेलीच नसतात." दोन वेण्यांची पोर गं ती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर म्हणते, "मावशी, रांग आहे, मागे सर."

हे असंच असतं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही बरं. तमिळनाडूने 1995 पासून एकच महामंडळ नेमून, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं बांधून, प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. तुमच्या नावावर एवढी रक्कम, लागेल तसं औषध उचला. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून मोफत औषध योजना सुरू केली. आपल्याकडे 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे पैसेही गेले. पण मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, म्हणून सिव्हिल त्यात नाही. लोकांना खाती कुठे कळतात? आजारी माणसाला सरकार एकच दिसतं.

आणि आपल्या सोलापूरचा एक मान सांगते, छाती फुगवून. 2 जुलै 2012 ला जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपण होतो. आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने आहे. तिच्यातही यादीच असते, ऑपरेशनांची आणि उपचारांची. तिने कितीतरी घरं वाचवली, आमच्या गल्लीतच मोजता येतील. पण ती इस्पितळात दाखल झालेल्यांसाठी. रोजची गोळी, जी जन्मभर खायची, तिला त्या योजनेत जागा नाही. बीपीची गोळी चुकली, माणूस लकव्याने पडला, की मग योजना धावून येते. मला वाटतं, पहिला रुपया त्या रोजच्या गोळीवर खर्च व्हावा. तो तिथे खर्च झाला तर पुढचे हजारो वाचतात, आणि माणूस आपल्या पायावर चालत राहतो.

स्वस्त तेच द्यावं आणि महागाला नाही म्हणावं, असं मात्र मी म्हणत नाहीये. क्षयाचं बघ. आपल्या यंत्रमागाच्या आणि विड्यांच्या गल्ल्यांत क्षय नवा नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं बेडाक्विलीन 2022 च्या यादीत आलं. त्याच्या पेटंटची मुदत वाढवू नये म्हणून मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले लढल्या. दोघीही क्षयातून उठलेल्या, जुन्या इंजेक्शनांनी दोघींचे कान गेलेले. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. महाग औषध म्हणजे आकाशातून पडलेली किंमत नव्हे गं. ती माणसांनी ठरवलेली असते, माणसांना ती बदलता येते.

तरीही एक गाठ मला सुटत नाही, ती तुझ्यापुढे ठेवते. 2021 मध्ये मुंबई-पुण्याकडच्या काही तान्ह्या मुलांसाठी, स्नायूंच्या त्या दुर्मिळ आजारावर, 16 कोटींच्या इंजेक्शनाकरता लोकवर्गणी झाली होती. आम्हीही दिले होते पैसे, सासूबाईंनी डब्यातले काढून दिले. त्याच वर्षी दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत नेली. 50 लाख कुठे आणि 16 कोटी कुठे! त्या रकमेत आख्ख्या जिल्ह्याच्या बीपीच्या गोळ्या किती वर्षं येतील, याचा हिशेब डोकं मांडतं, आणि त्या बाळाचा फोटो बघितला की मन तो हिशेब पुसून टाकतं. दोन्ही खरं आहे. दिल्लीत 2017 पासून आरोग्य संशोधन विभागात एक यंत्रणा आहे, किती खर्चात किती निरोगी आयुष्य मिळतं हे मोजणारी. मुंबईतही तिचं केंद्र आहे. ते काम हवंच. पण मोजणाऱ्याने मोजून झाल्यावर त्या आईसमोर उभं राहून कारण सांगावं, इतकी माणुसकी त्यात हवी. चीनच्या रणांगणात जखमींसाठी जीव झिजवणाऱ्या डॉ. कोटणीसांचं गाव आहे हे. आपण भैय्या चौकातून जाताना त्यांच्या घरासमोर थांबायचो, आठवतं? इथल्या माणसाने एवढी अपेक्षा ठेवली तर जास्त नाही.

म्हणून, आता रागावू नकोस, पण तुमच्या फारमॅकचा मला थोडा हेवाच वाटला. 1993 पासून एक संस्था, हातात ठरलेली रक्कम, आणि कंपन्यांशी घासाघीस करून त्यात जास्तीत जास्त बसवायची धडपड. 2016 मध्ये त्या कातडीच्या कॅन्सरच्या औषधासाठी तुम्ही लोकांनी आवाज उठवला आणि औषध यादीत आलं. 2024 मध्ये सरकारने चार वर्षांसाठी 60 कोटी डॉलरच्या वर वाढवून दिले, तेही लोक गप्प बसले नाहीत म्हणून. 'नाही' म्हणणारं दार कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुला चिडायला पत्ता आहे! आमच्या अक्काला चिडायलाही पत्ता नाही. तिला वाटतं, दोष तिच्या नशिबाचा. म्हणून तू शेजारणीसाठी भांड, जोरात भांड. तुझ्या भांडणापुढे मुख्याध्यापिका टिकल्या नाहीत, फारमॅक किती टिकेल?

आम्हीही इथे काही करायचं ठरवलंय. 2007 पासून आपल्या राज्यात काही जिल्ह्यांत, अगदी शेजारच्या उस्मानाबादेतही (आता धाराशिव म्हण, नाहीतर टोमणे मारतील), गावकऱ्यांनी आरोग्य सेवेवर देखरेख ठेवण्याचं काम झालं. गावातल्या बायकांनी औषधांचा साठा तपासला, जनसुनवाईत प्रश्न विचारले. भाचीच्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवणार आहोत. एक, केंद्रात कोणती औषधं मिळायला हवीत आणि आज कोणती आहेत, हे भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहायचं. दुसरी, परत गेलेल्यांची ती वही अधिकृत करायची आणि मागणी तिच्यावरून काढायची. त्या आजीलाही न्यायचं ठरलंय. ती म्हणाली, "गोळीचा रंग बदलायच्या आदी आमास्नी इचारा, हेबी लिवा." लिहिलंय, तिसरी मागणी म्हणून.

तुझ्याकडून एक काम हवंय. तुमच्या फारमॅकच्या समितीच्या बैठकांचे कागद लोकांना बघायला मिळतात ना, कुठल्या औषधाला का हो आणि का नाही? त्यातला तुझ्या शेजारणीच्या औषधाचा कागद वाचून मला सोप्या मराठीत लिहून पाठव. मला बघायचंय, नकार देताना ते कारण कसं मांडतात. आपल्याकडे तसे कागद मागायचे तर काय काय मागावं, हे त्यातून कळेल. आळस करू नकोस, हीटरजवळच बसून लिहायचंय.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी तुझ्या मावसभावाबरोबर पाठवतेय, जुलैत निघतोय तो. चटणी मागच्या वेळी एकटीने संपवलीस हे जावयांनी मला कळवलंय. या वेळी निम्मी शेजारणीला दे. तिला सांग, सोलापुरातल्या एका बाईला तिची काळजी वाटते, आणि तिचं औषध मिळालं की मला त्याच दिवशी कळव.

तुझीच